पोत्यातलं अक्षर

ते पोतं खरं तर मीच उचलायचं होतं. मी वाकलेसुद्धा होते. पण दिलशाद म्हणाली, "सर तू, कालपासून पाठ धरून बसलीयस," आणि तिनं दोन्ही हातांनी पोत्याची टोकं धरून ते वाळूतून उपसलं. ओल्या पोत्याचं बूड फाटलं. काचेच्या बारीक नळ्या, कापसाचे बोळे, सलाइनच्या पिशव्या आणि सुया, सगळं भसकन वाळूवर आलं. फाटलेली बाजू सावरायला दिलशादनं खाली हात घातला आणि लगेच मागं घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. टोचलं काहीतरी."

तिच्या रबरी हातमोज्यात, अंगठ्याच्या खाली, एक सुई उभी होती. मागं सिरिंज लटकत होती आणि सिरिंजच्या नळीत रक्ताचा काळपट थेंब अजून ओला होता. दिलशादनं सुई उपटून टाकली, मोजा काढला. तळहातावर मोहरीएवढा लाल ठिपका उमटला होता.

"संग्राम," मी हाक मारली.

संग्राम धावत आला. त्यानं आधी दिलशादचा हात बघितला, मग वाळूवर पडलेला पसारा. "ह्ये तर दवाखान्यातलं हाय," तो म्हणाला. "समुद्रात दवाखाना कुठनं आला?"

मी एव्हाना खाली बसले होते. एक नळी माझ्या बुटापाशी घरंगळत आली होती. तिच्यावरची चिठ्ठी ओली झाली होती, पण शाई पसरली नव्हती. त्यावर एक नंबर होता आणि सोमवारची तारीख होती. नंबरमधल्या सातच्या पोटातून आडवी रेघ मारलेली होती. तशी रेघ आमच्या लॅबमध्ये एकच माणूस मारतो. ते अक्षर माझं होतं.

नंबरापुढं तांबड्या पेनानं एक ठिपका काढला होता. तोही मीच काढलेला.

मी नळी मुठीत घेतली आणि जॅकेटच्या खिशात टाकली. का टाकली, हे त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची, जानेवारी महिन्यातली. आम्ही तिघं कोल्हापूरचे, एका शाळेतले. दिलशाद मुजावर मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. संग्रामचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते. आलेल्या रक्ताच्या नळ्यांवर नंबर घालायचे, नोंद करायची आणि रिपोर्टात काही धोक्याचं निघालं तर त्या नळीवर ठिपका द्यायचा, म्हणजे हाताळणारा जपून हाताळेल. लाल ठिपक्याचा अर्थ एचआयव्ही किंवा कावीळ-ब.

किनारा साफ करायला जायची कल्पना संग्रामची. देवगडच्या बाजूला आडवेळ नावाचं एक लहान गाव आहे. तिथं तांडेल गुरुजी म्हणून निवृत्त शिक्षक होते. कासवं अंडी घालायला येण्याआधी किनारा मोकळा व्हावा म्हणून ते दर जानेवारीत लोकांना हाक द्यायचे. संग्रामनं त्यांचं फ्लेक्स फुकट छापून दिलं होतं आणि मग आम्हालाही ओढलं. शुक्रवारी दुपारी त्याच्या जुन्या व्हॅनमधून निघालो. घाटभर दिलशादनं गाडी चालवली, कारण आमच्यात तीच खरी चालवणारी. मार्चमध्ये तिचं लग्न ठरलं होतं. "लग्नानंतर नवरा पाठवंल न पाठवंल, आताच फिरून घेते," असं म्हणत ती वळणावळणाला हसत होती.

गुरुजी काठीवर कचरा टोचत किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला होते. संग्रामच्या हाकेनं ते आले. पसारा बघताच त्यांचा चेहरा उतरला.

"परत टाकल्यानी," ते म्हणाले. "बाय, हात धू आधी. साबण लावून धू. दाबू नको, नुसता पाणी सोड."

त्यांनी बाटलीतलं पाणी तिच्या हातावर धरलं. दिलशाद शांतपणे हात धूत राहिली. हातापायाला लागणं तिला नवीन नव्हतं, मैदानावरची बाई ती.

"गुरुजी, हे कोण टाकतंय?" संग्रामनं विचारलं.

"टेम्पो येता. सुरूच्या बनात पोती पुरता नि जाता. सहा-सात म्हयने झाले. मी तीन अर्ज दिलंय. पुरावो आणा म्हणतत. आता पुरावो खंयसून आणू? चिठ्ये असतत ते भिजान फाटान गेलेले असतत."

संग्राम गुडघ्यावर बसला आणि काडीनं नळ्या उलट्यापालट्या करू लागला. "विभा, तू लॅबमधली. बघ की काही कळतंय का, कुणाचं हाय हे."

मी त्याच्या शेजारी बसले. वीस-पंचवीस नळ्या होत्या. निम्म्या कोऱ्या होत्या, बाकीच्यांपैकी बहुतेकांवरची अक्षरं धुऊन गेली होती. दोन-तीन नळ्यांवर मला माझा सात दिसला. मी त्या वाळूत पालथ्या केल्या.

"काही वाचता येत नाही," मी म्हणाले. "जुनं आहे सगळं."

हे वाक्य मी बोलले. अजून कधी कधी ते मला माझ्या आवाजात ऐकू येतं.

गुरुजींनी सांगितलेला ग्रामीण दवाखाना वीस किलोमीटरवर होता. दिलशाद मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसली. हाताला रुमाल गुंडाळला होता. तिनं मला विचारलं, "विभा, खरं सांग, घाबरण्यासारखं आहे का गं?"

"डॉक्टर सांगतील," मी म्हणाले.

"तू रोज बघतेस ना असलं."

"मी फक्त नंबर घालते, दिलू."

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं नीट सगळं ऐकलं, जखम बघितली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मग पेन हातात घेऊन विचारलं, "सुई किती दिवसांची असेल? काही अंदाज?"

दिलशादनं माझ्याकडं बघितलं. संग्रामनंही बघितलं. मी लॅबमधली होते.

"जुनंच असणार मॅडम," संग्राम म्हणाला. "चिठ्ठ्यासुद्धा पुसल्यात. ही म्हणाली की."

"सिरिंजमध्ये रक्त होतं?"

"थेंबभर," दिलशाद म्हणाली. "काळं पडलेलं."

डॉक्टरीणीनं पेन खाली ठेवलं. "हे बघा, ताजी सुई असेल आणि रक्त बाधित असल्याचं माहीत असेल तर अठ्ठावीस दिवस गोळ्या घ्याव्या लागतात. त्या इथं नाहीत, जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतील. जितक्या लवकर तितकं बरं. पण त्या गोळ्या सोप्या नाहीत, फार त्रास होतो. पंधरा-वीस दिवसांची उन्हात पडलेली सुई असेल तर मी देणार नाही. कोल्हापूरला गेल्यावर रक्त तपासून घ्या. काळजी करू नका."

माझा हात जॅकेटच्या खिशात होता. नळी बोटांना लागत होती. तिच्यावर सोमवारची तारीख होती आणि तो दिवस शनिवार होता. आमच्याकडं नळ्या तीन दिवस ठेवतात. म्हणजे पोतं गुरुवारी निघालं होतं.

मला एवढंच म्हणायचं होतं: मॅडम, ती सुई परवाची आहे.

"बघ, काही नाही म्हणाल्या," दिलशाद बाहेर येऊन म्हणाली आणि तिनं मोठा श्वास सोडला. "उगाच तोंड पाडून बसलात दोघं. चला, गुरुजींच्या घरी जेवण सांगितलंय. मला भूक लागलीय."

मी मान हलवली. व्हॅनमध्ये बसले. वीस किलोमीटर परत आले. त्या अर्ध्या-पाऊण तासात मी काय विचार केला, ते मी इथं काही चांगलं करून सांगणार नाही. मी विचार केला की धोका खरोखर कमीच असतो. मी विचार केला की सिरिंज आणि ती लाल ठिपक्याची नळी एकाच माणसाची कशावरून. मी विचार केला की सोमवारी कोल्हापुरात गेल्यावर मी स्वतः तिचं रक्त तपासायला घेईन, कुणाला न सांगता. असं मी स्वतःला सांगत राहिले. गोळ्यांच्या बाबतीत 'जितक्या लवकर तितकं बरं' हे मी कानांनी ऐकलं होतं.

गुरुजींच्या पडवीत पानं मांडली होती. त्यांच्या बायकोनं सुरमईचं कालवण केलं होतं आणि वर तळलेल्या तुकड्या. दिलशादच्या उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून ती डाव्या हातानं भात कालवायला बघत होती आणि काटे काढता येईनात म्हणून स्वतःवरच हसत होती.

"थांब," मी म्हणाले आणि तिच्या पानातला तुकडा घेऊन काटे काढू लागले.

"लहानपणी अम्मी असं करायची," ती म्हणाली. "विभा, घरी काही बोलायचं नाही हं. लग्नाची गडबड आहे. अम्मी उगाच जीव टाकेल."

गुरुजी संग्रामला त्या टेम्पोबद्दल सांगत होते. "पांढरो टेम्पो. रिकामी खोकी घेऊन देवगडाक मासळी भरूक जाता तो. जाताना ही पोती आणता. माझ्या पुतण्यान एकदा पाठलाग केल्यान, नंबर दिसलो नाय. मागच्या दारार पोरांची नावा मात्र वाचल्यान. सोहम आणि स्वरा."

माझ्या बोटात काटा तसाच राहिला.

सोहम आणि स्वरा माझ्या भावाची मुलं. विलासदादाचा मासळीचा टेम्पो होता. आठ महिन्यांपूर्वी लॅबचा कचरा नेणाऱ्या ठरलेल्या गाडीचं काम आमच्या लॅबच्या मालक डॉक्टरांनी बंद केलं आणि म्हणाले, कुणी भरवशाचा माणूस असेल तर सांग. मी दादाचं नाव सुचवलं. त्याला तेव्हा नड होती. पोती कुठं जातात हे मी त्याला एकदाही विचारलं नाही. महिन्याच्या शेवटी, कचरा नियमाप्रमाणे गेला, अशा कागदावर मी सही करत राहिले. सकाळी वाळूवर माझं अक्षर दिसलं त्याच क्षणी मला टेम्पोही दिसला होता. खिशात मी नळी टाकली नव्हती, दादाला टाकलं होतं.

"काय गो, जेवत नाय?" गुरुजींच्या बायकोनं मला विचारलं.

दिलशादनं तोंड पुढं केलं, मी भरवीन म्हणून. मी हातातला घास तिला दिला नाही. मी हात पुसला, जॅकेटच्या खिशातून नळी काढली आणि तिच्या पानाशेजारी ठेवली.

"हे काय?" ती म्हणाली.

"त्या पोत्यातली आहे. हे माझं अक्षर आहे, दिलू. आमच्या लॅबची आहे. सोमवारची. हा लाल ठिपका मी काढलेला आहे."

पडवीच्या कोपऱ्यात मांजर होतं, तेवढं ओरडत होतं. संग्रामचा घास हातातच राहिला होता.

"लाल ठिपका म्हणजे?" दिलशादनं विचारलं.

मी सांगितलं.

ती नळीकडं बघत होती. मग माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं. एखाद्या अनोळखी बाईनं बसमध्ये येऊन शेजारी बसावं आणि आपण तिच्याकडं बघावं, तसं ती बघत होती.

"सकाळपासून खिशात होती?"

"हो."

"दवाखान्यातपण?"

"हो."

तिनं डाव्या हातानं पान पुढं सरकवलं, उठून परसात गेली, तोंड धुतलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज तिच्या शाळेतला होता. "संग्राम, गाडी काढ. किती वाजले?"

"दोन वाजून दहा मिनिटं."

"टोचलं तेव्हा नऊ वाजले होते," ती म्हणाली. "पाच तास गेले."

संग्राम उठला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "तू थांब हितंच. एस.टी.नं ये."

"नाही," दिलशाद म्हणाली. "ती येणार. तो नंबर कुणाचा आहे ते तिलाच विचारता येईल."

निघताना गुरुजींनी मला थांबवलं. मीच म्हणाले, "गुरुजी, टेम्पो माझ्या भावाचा आहे. मी लिहून देते." आणि त्यांच्या वहीच्या पानावर, व्हॅन अंगणात सुरू असताना, दादाचं नाव, टेम्पोचा नंबर, लॅबचं नाव आणि खाली माझं नाव लिहिलं. त्यात दोनदा सात आला. दोन्ही वेळा रेघ मारली गेली.

वाटेत डोंगरावर फोनला रेंज आली तेव्हा मी लॅबमध्ये फोन लावला. आमचा टेक्निशियन होता. त्याला नंबर सांगितला, रिपोर्ट काढायला लावला. "कशाला पाहिजे ताई?" तो म्हणाला. "वाच तू," मी म्हणाले. त्यानं वाचलं. तो पुढं काही विचारायच्या आत फोनवर डॉक्टर आले. "विभावरी, तू कुठं आहेस? हा नंबर कशाला काढतेयस?"

"पोतं फुटलं साहेब," मी म्हणाले.

ते हळू आवाजात म्हणाले, "कुणाला काही बोलू नकोस. तू ये, आपण बघू."

मी फोन बंद केला. "एचआयव्ही," मी सांगितलं. संग्रामनं गाडी बाजूला घेतली. थोडा वेळ त्याला चालवताच येईना. मग दिलशाद मागून म्हणाली, "चालव," आणि आम्ही निघालो.

जिल्ह्याच्या ठिकाणी चार वाजता पहिली गोळी तिच्या हातात पडली. तिथल्या डॉक्टरांनी वेळ विचारली, मोजली, म्हणाले, उशीर नाही झाला, पण आणखी करू नका. बाहेरच्या बाकावर मी बसले होते. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही.

त्या अठ्ठावीस दिवसांत दिलशादचं वजन सहा किलोनं उतरलं. घरी तिनं पित्त झालंय म्हणून सांगितलं. शाळेत मुलींच्या रांगेपुढं शिट्टी वाजवून झाली की ती मागं जाऊन ओकायची. लग्न तिनंच स्वतः पुढं ढकललं. कारण काय सांगितलं हे मला कळलं नाही. होणारा नवरा चांगला निघाला, थांबला.

गुरुजींच्या चौथ्या अर्जाला माझं पान जोडलेलं होतं. दादाचा टेम्पो जप्त झाला. लॅबला कुलूप लागलं. माझी नोकरी तर कुलपाच्या आधीच गेली होती. दादा एका संध्याकाळी घरी आला. आईसमोर मला म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी बंद केलं असतं. तू सरळ लिहून दिलंस."

"दादा, तिला सुई टोचली."

"मी टोचली काय?"

आई म्हणाली, "तू गप्प बसली असतीस तरी तिला काही झालं नसतं, आता बरी आहेच की ती." दादा त्यानंतर सात वर्षं माझ्याशी बोलला नाही. बोलायला लागला तेव्हाही त्या विषयावर आम्ही दोघं कधीच आलो नाही.

पण दिलशाद मला बोलवत होती. सहाव्या आठवड्याच्या तपासणीला तिनं निरोप पाठवला, मंगळवारी अकरा वाजता ये. मी गेले. तिनं रक्त दिलं, रिपोर्टाची वाट बघत आम्ही शेजारी शेजारी बसलो. तिनं मला माझ्या नव्या कामाबद्दल विचारलं. तिसऱ्या महिन्याला परत बोलावलं. तेव्हा ती थोडी हसलीसुद्धा, शाळेतल्या एका मुलीनं उडी मारताना काय केलं ते सांगताना. त्या रात्री मी घरी येऊन पहिल्यांदा नीट जेवले. मला वाटलं, गाडी हळूहळू रुळावर येतेय.

शेवटची तपासणी जुलैत होती. रिपोर्ट हातात आला. तिनं वाचला, घडी घातली, पाकिटात ठेवला.

"निगेटिव्ह," ती म्हणाली.

मला रडू आलं. ती माझ्याकडं बघत उभी राहिली. माझं रडणं थांबेपर्यंत थांबली.

"चहा घेऊ या?" मी विचारलं.

"नको." तिनं स्कूटरला किल्ली लावली. "विभा, घरी मी कुणालाच सांगितलं नव्हतं. अम्मीलाही नाही, होणाऱ्या नवऱ्यालाही नाही. संग्रामला बरोबर आणलं असतं तर लोकांनी काय काय अर्थ लावले असते. ज्याला सगळं माहीत आहे असं बाईमाणूस तू एकटीच होतीस. म्हणून तुला बोलवत होते."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"आता संपलं," ती म्हणाली. "आता येऊ नकोस. लग्नालाही येऊ नकोस."

हे ती रागानं म्हणाली असती तर मी बोलू शकले असते. तिनं ते एखाद्याला रस्ता सांगावा तसं सांगितलं. वाळूवर माझं अक्षर बघून मी हादरले होते, पण त्या सकाळी माझे हात चालत होते, मी नळी उचलली होती, लपवली होती. त्या दिवशी दवाखान्याच्या फाटकात माझे हात नुसते लोंबत राहिले.

तिनं स्कूटर सुरू केली. मग काहीतरी आठवल्यासारखी थांबली आणि ते पाकीट माझ्याकडं केलं.

"हे तुझ्याकडं ठेव. मला घरी नेता येत नाही, आणि रस्त्यात फाडून टाकणं बरं नव्हं."

मी घेतलं. ती गेली. पाकिटावर नाव नव्हतं, तिथल्या कुण्या मुलीच्या वळणदार अक्षरात नुसता एक नंबर होता. दिलशादला आता दोन मुलगे आहेत, असं संग्रामकडून कळतं. पाकीट माझ्या कपाटात आहे. फाडायचं कुठं हे मलाही अजून सुचलेलं नाही.